फोटो विकायचा की खंडाने द्यायचा?

साध्या ब्लाउजची शिलाई किती, अस्तराच्या ब्लाउजची किती, पिको-फॉलचे किती, हे कुठल्याही गल्लीत विचारा. शाळेत जाणारी मुलगीसुद्धा सांगेल. पुरणपोळीचा नगावर दर, मेंदीचा हातावर दर, रुखवत मांडून द्यायचे किती, सगळं ठरलेलं. पण लोणच्याच्या बरणीचा चांगला फोटो काढून द्यायचे किती घ्यायचे, असं विचारलं की सगळ्या एकमेकींकडे बघतात. आणि फोटो काढणारी मुलगी मान खाली घालून म्हणते, "द्या काका, तुम्हाला वाटेल ते."

या 'वाटेल ते'वर आज मला बोलायचं आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या लहान गावांतून हा एक नवा धंदा उभा राहतोय. लग्नाचे, बारशाचे फोटो नव्हेत, मालाचे फोटो. मसाल्याची पाकिटं, पापड-कुरडया, साड्या, इमिटेशनचे दागिने, चामडी चपला, गूळ, काकवी. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात यायचं, साडीचा पोत बोटांनी बघायचं, मसाल्याचा वास घ्यायचं. आता ते मोबाईलवर बघतं. तिथे वास नाही, चव नाही, स्पर्श नाही. आहे तो फक्त फोटो. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी तर मुख्य फोटोमागे पांढरीशुभ्र पार्श्वभूमीच लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा अशी अट असते. म्हणजे हे काम येरागबाळ्याचं राहिलेलं नाही. उजेड कळावा लागतो, रंग खरा यावा लागतो. फोटोत अंजिरी दिसलेली साडी घरी आल्यावर जांभळी निघाली की ती परत जाते, आणि नाव जातं ते वेगळंच.

हे काम आपल्या मुली-सुना छान करतात. कुणी कलेचा कोर्स केलेला असतो, कुणी नुसतं बघून बघून शिकलेली असते. घरातलीच खिडकी, पांढरा कार्डशीट, दोन लाइट, एवढ्यावर सुरुवात होते. अडतं ते पैशापाशी. आणि पैशाच्याही पुढे एक गोष्ट आहे, ती तर बहुतेकींच्या गावीच नसते. काढलेला फोटो नंतर कुणाचा?

आमच्या तालुक्यात घडलेली गोष्ट सांगते. एका मुलीने एका मसाल्याच्या व्यापाऱ्याला हळद-तिखटाच्या पाकिटांचे दहा फोटो काढून दिले. दीड हजार रुपये मिळाले. "पाकिटावर टाकायचेत गं," एवढंच बोलणं झालेलं. पुढच्या दिवाळीत तेच फोटो एसटी स्टँडवरच्या मोठ्या बोर्डावर, मालाच्या टेम्पोवर, फुकट वाटायच्या कॅलेंडरवर आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या एका वितरकाच्या पत्रकावर. पोरीने धीर करून विचारलं. उत्तर मिळालं, "पैसे दिले ना तुला? मग फोटो माझे."

आम्ही सगळ्या बायका चिडलो. पण खरं सांगायचं तर कायदा त्या व्यापाऱ्याच्याच बाजूने होता.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. तो म्हणतो, फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. इथवर ऐकून बरं वाटतं. पण पुढे कलम १७ येतं. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा. नोकरीत असताना, नोकरीचं काम म्हणून काढलेला फोटोही असाच मालकाचा, वेगळं ठरलेलं नसेल तर. म्हणजे काय, तर दोघांनी काहीच ठरवलं नसेल, तर कायदा गिऱ्हाइकाच्या पारड्यात वजन टाकतो. 'वेगळा करार नसल्यास' या तीन शब्दांत फोटो काढणारीचं सगळं नशीब दडलेलं आहे. करार केला तर फोटो तिचा राहू शकतो. नाही केला तर दीड हजारात बोर्ड, टेम्पो, कॅलेंडर, सगळं गेलं. आणि जातं ते थोड्या दिवसांसाठी नाही. २०१२ सालच्या दुरुस्तीपासून फोटोचा कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. विशी-पंचविशीतल्या मुलीने आज काय सोडून दिलं, याचा हिशेब तिच्या नातवंडांपर्यंत जातो!

आपल्याला ही गोष्ट अवघड वाटायचं कारण नाही. शेतीवाडीच्या घरांतल्या आपण. जमीन विकणं वेगळं आणि खंडाने देणं वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. खरेदीखत झालं की जमिनीवरचा हक्क संपला. खंडाने दिली की जमीन आपली, कसायला दुसऱ्याकडे. मग कुठला तुकडा, किती वर्षं आणि खंड किती, हे आधी ठरतं. फोटोचंही तेच. कॉपीराइट लिहून देणं म्हणजे खरेदीखत. लायसन्स म्हणजेच वापराची परवानगी देणं म्हणजे खंडाने देणं. फोटो काढणारीचा, त्यातही नव्याने या धंद्यात उतरलेलीचा व्यवहार खंडाचाच असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि विकायचाच झाला तर जमीन विकल्यासारखा, किंमत घेऊन विकावा. 'वाटेल ते'मध्ये नव्हे.

आता दराकडे येऊ. दराचे दोन भाग असतात आणि ते कधीही एकत्र करू नयेत. एक भाग मेहनतीचा, दुसरा वापराचा.

मेहनतीचा भाग काढायला पाटी-पेन्सिल पुरते. उदाहरण म्हणून आकडे मांडते, ज्या त्या मुलीने आपले घालावेत. कॅमेरा, लेन्स, स्टँड आणि लाइट मिळून १,२०,००० रुपये घातले, आणि हे सामान चार वर्षं चालेल असं धरलं, तर महिन्याला २,५०० रुपये त्याचे. दुरुस्तीचे ५००. वीज आणि इंटरनेट १,०००. कापड, कागद, सजावटीचं सामान ५००. येणं-जाणं १,५००. झाले ६,०००. तिच्या स्वतःच्या कष्टाचे महिन्याला १८,००० तरी नकोत? एकूण २४,०००. आता महिन्यात ती तीस दिवस फोटो काढू शकते का? नाही. एका दिवसाच्या फोटोंमागे एक-दीड दिवस संगणकावर बसून साफसफाई असते. काम मिळवायला फिरणं असतं. घरचं असतंच, ते तर कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. सुरुवातीला महिन्यात आठ दिवस प्रत्यक्ष फोटोचं काम मिळालं तरी खूप. २४,००० भागिले ८, म्हणजे दिवसाचे ३,०००. दिवसात बारा वस्तू नीट होत असतील तर वस्तूमागे २५० रुपये.

हा नफा नाही बरं का! हा तिचा पायाखालचा दगड आहे. याच्या खाली गेली की ती गिऱ्हाइकाच्या धंद्यात घरचे पैसे घालते. दहा रुपयांची भाजी आणून आठ रुपयांना विकणाऱ्या बाईला आपण काय म्हणू? पण फोटोच्या धंद्यात मुली हेच करतात, कारण कॅमेरा 'आहेच घरात' आणि वेळ 'काय, घरबसल्याच' असतो. घरबसल्या केलेल्या कामाला किंमत नाही, हे आपणच वर्षानुवर्षं मान्य करत आलोय. दुसऱ्याला काय बोलणार?

दुसरा भाग वापराचा. फोटो कुठे लागणार, किती दिवस लागणार, किती लोक बघणार आणि आणखी कोणकोण वापरणार, यावर तो ठरतो. पाकिटावर आणि गावातल्या दुकानात एक वर्ष, हा एक दर. त्यात ऑनलाइन दुकान आलं की थोडा चढा. वर्तमानपत्रातली जाहिरात, हमरस्त्यावरचा बोर्ड आला की आणखी चढा. वितरकाला, दुसऱ्या कंपनीला द्यायचा असेल तर पुन्हा वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. मुदत संपली की परत बोलणं. खंड नाही का दर वेळी नव्याने ठरत?

इथे काही जणी म्हणतील, हे शहाणपण मोठ्या शहरांतल्या स्टुडिओंना ठीक, आमच्या गावात कोण देणार? शिवाय तुम्ही बचत गटांचं काम करता. आमच्या पापडवाल्या बायकांना तुम्ही महाग करून ठेवणार का?

प्रश्न रास्त आहे. मी दोन्ही बाजूंच्या बायकांमध्ये बसते, म्हणून उलट मला ही वापरावर दर लावायची रीत जास्त न्यायाची वाटते. दहा बायकांचा गट, वर्षातून दोन प्रदर्शनं करणारा, जमलं तर मुंबईच्या महालक्ष्मी सरसला जाऊन येणारा. त्यांचा वापर लहान, म्हणून वापराचा दर लहान. अगदी पहिल्या वर्षी वापराचे पैसे माफ केले तरी चालतील. पण चार जिल्ह्यांत माल घालणारा व्यापारी आणि हा गट यांना एकच दर लावायचा, हा कुठला न्याय? फोटोचा सरसकट एक दर असला की तो लहान गटाला जड जातो आणि मोठ्या व्यापाऱ्याला फुकटच्या भावात पडतो. वापरावर दर असला की ज्याचा धंदा वाढेल त्याने वाढीव द्यायचं. गट उद्या मोठा झाला तर आनंदाने देईल. सवलत द्यायची तर वापरात द्यावी, मेहनतीत नाही. आणि बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली 'सवलत' अशी वजा करून दाखवावी. म्हणजे पुढच्या वेळी 'मागच्या वेळी तर एवढ्यातच केलं होतंस' हे ऐकावं लागत नाही.

"मी नवीन आहे, आधी नमुने तर हवेत दाखवायला," असंही मुली म्हणतात. खरंय. पण नमुन्यांसाठी दुसऱ्याचं काम फुकट करायची गरज नाही. घरचं तांब्याचं भांडं, आजीची नथ, सासूबाईंचा लोणच्याचा सट, अंगणातल्या मिरच्या. आपल्या मनाने, कुणाच्या सांगण्यावरून नाही, असे काढलेले फोटो पूर्णपणे आपले. तिथे कलम १७ मधली ती पैसे देणाऱ्याची अट लागतच नाही. पाच-पंचवीस चांगले फोटो असे जमवले की नमुन्यांची वही तयार.

आता खरी अडचण. ती कायद्यात नाही, आकड्यांतही नाही. ती आपल्या जिभेवर आहे. आपल्या गावांत व्यवहार नात्यांत होतो. दुकानदार काका असतो, वितरक दादा असतो, दुकानदाराची बायको काकू. "तू आमच्या मुलीसारखी," असं म्हटलं की पैशाचा शब्द घशातच अडकतो. पण गंमत बघा. हेच काका छापखान्याला रोख देतात, बोर्ड रंगवणाऱ्याला आगाऊ देतात, टेम्पोवाल्याशी किलोमीटरवर भांडतात. तिथे कुणी मुलासारखं नसतं. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या. नातं जपायचं असेल तर व्यवहार आधी स्पष्ट करावा. तोंडी व्यवहार म्हणजे पाण्यावरची रेघ. दोघांनाही वेगवेगळं आठवतं आणि मग नातंही जातं.

म्हणून कॅमेरा हातात घेण्याआधी एक कागद. एकच पान, आपल्या मराठीत. किती वस्तू, प्रत्येकीचे किती फोटो, कधी देणार. दुरुस्ती किती वेळा करून देणार, दोनदा पुरे. मेहनतीचे किती, वापराचे किती, आगाऊ किती. निम्मे आगाऊ मागण्यात कमीपणा नाही. ऐनवेळी काम रद्द झालं तर काय. मग सगळ्यात महत्त्वाची ओळ, ती अशी लिहावी: 'या फोटोंचा कॉपीराइट फोटो काढणारीकडे राहील. ग्राहकाला पुढील वापराची परवानगी आहे.' आणि खाली वापर, मुदत, प्रदेश. हे तीन रकाने रिकामे सोडू नयेत. कारण कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर सगळा भारत. परवानगीलाही हाच नियम लागू होतो. आपण गप्प बसलो तर कायदा आपल्या वतीने बोलतो, आणि तो आपल्या सोयीचं बोलेलच असं नाही.

आणखी दोन ओळी. हल्ली एका फोटोवरून संगणक दहा नवे फोटो बनवून देतो, तर तशी परवानगी आहे की नाही, तेही लिहावं. आणि फोटोत कुणा बाईचा चेहरा असेल, पापड लाटणारी, मसाला कांडणारी, तर तिची वेगळी लेखी संमती घ्यावी. आपल्या हक्कासाठी भांडताना तिचा हक्क विसरू नये. मोठ्या कंपनीचं काम असेल तर कागद एकदा वकिलाला दाखवावा.

नावाचंही सांगते. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, २०११ साली पद्मविभूषण मिळालेल्या. पण सुरुवातीच्या काळात त्यांचे फोटो छापून यायचे ते पतीच्या नावाने. आज तसं व्हायची गरज नाही. कॉपीराइट विकला तरी 'हे काम माझं आहे' असं म्हणायचा हक्क कलम ५७ कर्त्याकडेच ठेवतं. कामाची मोडतोड करून कर्त्याच्या लौकिकाला धक्का लावला तरी दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं आपलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल कोर्टात गेले. शिल्प सरकारने करवून घेतलेलं होतं, तरी २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. समोर सरकार होतं, तरी! म्हणून फोटोखाली नाव मागायला लाजू नये.

राहिला वसुलीचा प्रश्न. बिल दिलं आणि चार महिने फेऱ्या मारल्या, ही गोष्ट घरोघरची. उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. फोटोचं काम सेवा म्हणून नोंदवता येतं. सूक्ष्म आणि लघू उद्योगांसाठी २००६ सालचा कायदा आहे. मुदत ठरली असेल तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तरीही नाही दिले तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. मात्र नोंदणी काम घेण्याआधी झालेली हवी. प्रत्येकीने भांडत सुटावं असं मी म्हणत नाही. पण बिलाच्या तळाशी नोंदणीचा क्रमांक आणि 'पैसे १५ दिवसांत' एवढं छापलेलं असलं की फेऱ्या आपोआप कमी होतात.

शेवटी एक मागणी आपल्या सगळ्यांकडे. तालुक्यात फोटोचं काम करणाऱ्या चार-पाच मुली असतील तर त्यांनी एकदा एकत्र बसून आपला किमान दर काढावा. एकमेकींचे भाव पाडण्यात फायदा फक्त तिसऱ्याचा होतो. आणि आपण, ज्या त्यांच्या आया, सासवा, मावश्या आहोत, आपण एवढं करावं. पोर कागद पुढे करून दर सांगत असेल तेव्हा मध्येच "राहू दे गं, घरचेच आहेत," असं म्हणू नये. गप्प बसून तिला तिचा आकडा पुरा बोलू द्यावा.